चाकांवरचे घर आणि राखीव दोन दिवस

दिल्लीतील सरोजिनी नगरची बाजारपेठ स्वस्त आणि फॅशनेबल कपड्यांसाठी साऱ्या उत्तर भारतात ओळखली जाते. या बाजाराची एक गंमत मात्र उन्हाळ्यातच पाहावयास मिळते. पारा चव्वेचाळीस अंशांवर गेलेला असतो, रस्त्यावरचे डांबर मऊ झालेले असते, आणि अशा वेळी काही जोडपी एखाद्या गाळ्यासमोर उभी राहून जाड जॅकेटे अंगाला लावून पाहत असतात. लोकरी मोजे, कानटोप्या, हातमोजे यांची घासाघीस चाललेली असते. दुकानदार अशा गिऱ्हाइकांना लांबूनच ओळखतात. ही मंडळी लडाखला निघालेली असतात.

आपल्या बँकेच्या सरोजिनी नगर शाखेत काम करताना अशी जोडपी माझ्याही परिचयाची झाली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली ही वसाहत. तिचे पूर्वीचे नाव विनय नगर. पुढे ती सरोजिनी नायडूंच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गेल्या काही वर्षांत येथील जुन्या बैठ्या निवासस्थानांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. परंतु येथल्या रहिवाशांची नियोजनाची जुनी सवय तशीच आहे. मुले शिकून मार्गी लागली, गृहकर्जाचा शेवटचा हप्ता फिटला, की अनेक पती-पत्नी पुढच्या प्रवासाच्या गोष्टी बोलू लागतात. वाहनकर्जाच्या अर्जावर सही करता करता एखादे काका हळूच विचारतात, "मॅडम, ही गाडी लेहपर्यंत जाईल ना?"

गाडी जाते, यात शंका नाही. खरा प्रश्न गाडीतल्या माणसांचा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मी आणि माझे पती, आम्ही उभयतांनी आमच्या छोट्या गाडीत गादी टाकून सुमारे तीन हजार किलोमीटरचा हा प्रवास केला. आपले ग्राहक आणि सहकारी यांना उपयोगी पडावे, या हेतूने त्या प्रवासाचा हा वृत्तान्त.

दिल्लीहून निघालेली एक जोडी

लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासाला निघालेल्या जोडप्यांची आठवण काढायची, तर दिल्लीकरांनी सलाहुद्दीन चौधरी आणि त्यांच्या पत्नी नीना चौधरी यांचे स्मरण करावयास हवे. मूळच्या कोलकात्याच्या या दाम्पत्याने ९ सप्टेंबर १९८९ रोजी दिल्लीहून प्रस्थान ठेवले आणि १७ नोव्हेंबर १९८९ रोजी पुन्हा दिल्लीतच प्रवास संपवला. सहा खंड ओलांडत, विषुववृत्ताच्या लांबीपेक्षा, म्हणजे ४०,०७५ किलोमीटरपेक्षा, अधिक अंतर त्यांनी ६९ दिवस, १९ तास आणि ५ मिनिटांत कापले. गिनीज बुकात या विक्रमाची नोंद झाली. त्यांची गाडी कोणती होती? आपल्या हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा क्लासिक! भारतीय गाडीवर भरवसा ठेवून जगाला वळसा घालता येतो, हे त्या दोघांनी दाखवून दिले.

चौधरी दाम्पत्य घड्याळाशी स्पर्धा करीत होते. आपल्यासारख्या सामान्य प्रवाशांचा आदर्श मात्र वेगळा असावा. उत्तर अमेरिकेत निवृत्त जोडपी मोठमोठ्या मोटारहोममध्ये संसार मांडून उन्हाळाभर अलास्काच्या निर्जन प्रदेशात हिंडतात. त्या प्रदेशात नेणारा अलास्का महामार्ग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अमेरिकी सैन्याने अवघ्या काही महिन्यांत उभारला आणि १९४८ मध्ये तो सर्वसामान्यांसाठी खुला झाला. आज त्या रस्त्यालगत तळ ठोकण्याच्या जागा आहेत. अनेक ठिकाणी वीज, पाणी, सांडपाणी यांची जोडणीही मिळते.

आपल्याकडे ही प्रथा अजून बाल्यावस्थेत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी असाच उपक्रम हाती घेतला. परंतु समुद्रकिनारी किंवा महाबळेश्वरच्या पठारावर शोभणारी ती बसएवढी गाडी हिमालयातील अरुंद वळणांवर अडचणीची ठरते. म्हणूनच उत्तरेकडे जाणारी बहुतेक जोडपी आपल्या नेहमीच्या गाडीतच छोटे घर थाटतात. आम्हीही तेच केले.

गाडीत घर मांडताना

मागचे आसन दुमडून त्यावर सुताराकडून मापाची प्लायवूडची फळी बसवून घेतली. तिच्यावर पातळ गादी आणि दोन रजया. फळीखाली वीस लिटरचा पाण्याचा कॅन, शिधा, हवा भरण्याचा छोटा पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य, आणि कधी गाडी टोचन करावी लागलीच तर दोरखंड. खिडक्यांना मच्छरदाणीच्या कापडाचे पडदे. एवढीच आमची वास्तू!

स्वयंपाकासाठी छोटी शेगडी आणि तीन लिटरचा कुकर घेतला होता. कुकर ही येथे चैन नव्हे, गरज आहे. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानालाच उकळते. लेहमध्ये ते सुमारे ८८ अंशांवर उकळू लागते. उघड्या पातेल्यातला भात तासभर रटरटला तरी मध्ये कणी राहतेच. साताऱ्याहून आलेले मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि कुकरमधला मऊ भात यांनी आम्हांला वाटेत अनेकदा घरची आठवण करून दिली.

येथे एक सूचना आवर्जून करते. शेगडी नेहमी गाडीबाहेर पेटवावी. थंडी कितीही असो, बंद गाडीत शेगडी, कोळशाची अंगठी किंवा चालू इंजिन ठेवून झोपू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. झोपताना खिडकीची काच बोटभर खाली ठेवावी आणि ऊब रजईतून घ्यावी.

साहित्याची यादी झाल्यावर दिवसांचा हिशेब मांडला. चौदा दिवसांचा कार्यक्रम आणि दोन दिवस राखीव. हे दोन दिवस कोणत्याही स्थळाच्या नावे टाकायचे नाहीत, असे आम्ही ठरवले होते. बँकेत काम करणाऱ्यांना राखीव निधीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ठेवीदारांचा सर्व पैसा कर्जाऊ देऊन टाकता येत नाही; काही भाग हाताशी ठेवावाच लागतो. रजेचेही तसेच असते, हे पुढे अनुभवास आले.

चढण हप्त्याहप्त्याने

दिल्लीहून लेहला जाण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक मनालीवरून, दुसरा श्रीनगर-कारगिलवरून. मनालीचा मार्ग अंतराने जवळचा आणि दृश्यांनी अधिक रौद्र असल्याने पुष्कळजण तिकडूनच चढतात. आम्ही उलट क्रम निवडला. जाताना श्रीनगर, येताना मनाली. त्यामागचे कारण शरीरशास्त्रात आहे.

समुद्रसपाटीच्या तुलनेत लेहच्या हवेत प्राणवायूचा पुरवठा सुमारे दोन-तृतीयांशच असतो. सव्वापाच हजार मीटरच्या खिंडीत तो जवळपास निम्म्यावर येतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वासाची गती वाढते, मूत्रपिंडे रक्तातील रासायनिक समतोल बदलतात, आणि कालांतराने तांबड्या पेशींची संख्या वाढते. या जुळवाजुळवीला दिवस लागतात. ती पूर्ण होण्याआधी घाईने वर गेल्यास डोकेदुखी, मळमळ, उलट्या, निद्रानाश अशी लक्षणे दिसतात. दुखणे वाढल्यास फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते, आणि ते जिवावर बेतू शकते. तारुण्य किंवा व्यायामाची सवय यांपासून संरक्षण देत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय दंडक आहे.

आता दोन्ही मार्ग या दंडकावर घासून पाहा. मनालीच्या वाटेवर जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर, तर पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू ४,२९० मीटरवर. एका रात्रीत हजार मीटरची उडी! सरचूच्या तंबूत डोके धरून रात्र काढलेली जोडपी आमच्या ओळखीत आहेत. याउलट श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आणि लेह ३,५०० मीटरवर. ही चढण हप्त्याहप्त्याने फेडता येते.

पहिल्या दिवशी जम्मू आणि दुसऱ्या दिवशी श्रीनगर गाठून आम्ही तिथे एक दिवस थांबलो. चौथ्या दिवशी सोनमर्गमार्गे झोजी ला चढलो. सोनमर्गचा बोगदा तेव्हा सुरू झालेला नव्हता. त्याचे उद्घाटन १३ जानेवारी २०२५ रोजी झाले. झोजी लाची उंची ३,५२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून अधिक. खंबाटकी घाटात गाडी शिकलेल्या मला या खिंडीने नवे धडे दिले. एका अंगाला ओघळणारी दरड, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि समोरून लष्करी ट्रकांची लांबच लांब रांग. १ नोव्हेंबर १९४८ रोजी याच खिंडीत भारतीय सैन्याने रणगाडे चढवून शत्रूला चकित केले होते. रणगाड्यांनी ही वाट कशी ओलांडली असेल, या विचाराने मन थक्क होते.

खिंड ओलांडताच निसर्ग पान उलटतो. मागे काश्मीरची हिरवी कुरणे. पुढे तांबूस, राखाडी, उघडे डोंगर. द्रास येथे १९९९ च्या कारगिल युद्धातील हुतात्म्यांच्या स्मारकापाशी आम्ही नतमस्तक झालो. समोरच्या शिखरांकडे पाहिल्यावर त्या जवानांनी कोणत्या उंचीवर, कोणत्या हवेत लढाई केली याची थोडीफार कल्पना येते. कारगिलला मुक्काम करून पाचव्या दिवशी नमिका ला आणि ४,१०८ मीटर उंचीचा फोतू ला ओलांडला, लामायुरूचा प्राचीन मठ पाहिला आणि सायंकाळी लेहला पोहोचलो.

लेहमध्ये तीन रात्री काढल्या. पहिले दोन दिवस जवळपास काहीच केले नाही. झोपलो, भरपूर पाणी प्यायलो, हळूहळू चाललो. पर्यटकाला हे दोन दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात पुढच्या सर्व दिवसांचे भांडवल याच दोन दिवसांत जमा होते.

आठव्या दिवशी खारदुंग लावरून नुब्रा खोऱ्यात उतरलो. खारदुंग लाच्या फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट उंची लिहिलेली असे. आधुनिक मोजणीनुसार ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट आहे. सर्वांत उंच मोटाररस्त्याचा मानही आता तिच्याकडे उरलेला नाही. सीमा सडक संघटनेने २०२१ मध्ये उमलिंग ला येथे १९,०२४ फुटांवर डांबरी रस्ता पूर्ण केला. नुब्रा खोरे मात्र लेहपेक्षाही सखल आहे. हुंदरच्या वाळूच्या टेकड्या आणि दोन मदारींचे उंट पाहून, जर्दाळूच्या बागेशेजारी गाडी लावून आम्ही दोन रात्री काढल्या. चाकांवरच्या घराचे खरे सुख तिथे लाभले. पहाटे काच पुसली की समोर हिमशिखर आणि हातात चहाचा पेला!

कोरझोकची संध्याकाळ

अकराव्या दिवशी आम्ही त्सो मोरिरी सरोवराकडे निघालो. लेहपासून सुमारे २२० किलोमीटर. उपशीपर्यंत आणि पुढे माहेच्या पुलापर्यंत सिंधू नदीची सोबत असते. त्यानंतर चांगथांगचे पठार सुरू होते. हेच पठार पूर्वेला तिबेटात पसरत जाते. चांगपा पशुपालक येथे पश्मिना शेळ्यांचे कळप घेऊन तंबूंतून राहतात. दूरवर कियांग नावाच्या रानगाढवांचा कळप एका रांगेत उभा होता. मैलोन्‌मैल घर नाही, झाड नाही, दुसरी गाडी नाही.

सरोवराच्या काठी कोरझोक हे गाव साडेचार हजार मीटरवर वसलेले आहे. निळ्या रंगाच्या इतक्या छटा एकाच पाण्यात असू शकतात, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. २००२ मध्ये या पाणथळ जागेला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. काळ्या मानेचे क्रौंच आणि पट्टकादंब पक्षी येथे वीण करतात. हिवाळ्यात भिगवणच्या जलाशयावर आपण ज्या पट्टकादंबांचे थवे पाहतो, त्यांच्या भाऊबंदांचे हे उन्हाळी माहेर. अनेक वर्षांपासून माझ्या पतींना हे सरोवर पाहायचे होते. साऱ्या प्रवासाची आखणीच या एका मुक्कामाभोवती केलेली होती.

दुपारी चारच्या सुमारास त्यांनी डोके दुखत असल्याचे सांगितले. पाचला उलटी झाली. थोड्या वेळाने ते मुक्कामाच्या घराच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबले. ऑक्सिमीटर बोटाला लावला. आकडा ७१ वर होता. माझ्या बोटावर तोच ८४ दाखवत होता.

"एक रात्र काढू. सकाळी बरं वाटेल," ते म्हणाले.

"सकाळी बरं वाटलं तर पुन्हा वर येऊ. पण आत्ता खाली उतरू," मी म्हटले.

ते गप्प राहिले. मग सरोवराकडे पाहत म्हणाले, "एवढं लांब आलो, आणि दोन तासांत निघायचं?"

त्यांचे म्हणणे मला समजत होते. परंतु उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे उतरणे. औषध आणि प्राणवायूचे सिलिंडर फक्त मधला वेळ मिळवून देतात. रात्र वाढली, थंडी वाढली आणि चालणेही अशक्य झाले, तर या पठारावर मदत मिळेपर्यंत किती तास जातील याचा भरवसा नव्हता. उजेड असेपर्यंतच निर्णय घेणे आवश्यक होते. मी गादी सरळ केली, त्यांना पाठीला उशा देऊन अर्धवट बसते ठेवले आणि गाडी वळवली.

घरमालकिणीला आम्ही मुक्कामाचे पैसे आधीच दिले होते. तिने ते परत करू केले; आम्ही घेतले नाहीत. तेव्हा ती आत गेली आणि खांबिर नावाची जाड लडाखी भाकरी व गरम चहाने भरलेला थर्मास घेऊन आली. थर्मास चुमाथांगच्या दुकानात ठेवून द्या, माझा भाऊ येताना घेऊन येईल, असे तिने मोडक्या हिंदीत सांगितले. आमचे नाव-गाव तिने विचारले नाही. ज्या मुलखात इंधन, पाणी, औषध सारे काही आधी साठवून न्यावे लागते, उधारीवर काहीच मिळत नाही, तिथे एका अनोळखी स्त्रीने आम्हांला विश्वासावर दिलेली ही एकमेव गोष्ट होती.

सुमारे ऐंशी किलोमीटरचा तो रस्ता मी कधी विसरणार नाही. कच्च्या पट्ट्यांवर पहिला-दुसरा गिअर, दिव्यांच्या झोतात उडणारी धूळ, आणि दर दहा मिनिटांनी मागे वळून विचारलेला एकच प्रश्न, "जागे आहात ना?" सिंधूचा आवाज पुन्हा ऐकू आला तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. चुमाथांग सुमारे चार हजार मीटरवर, म्हणजे कोरझोकपेक्षा पाचशे-सहाशे मीटर खाली आहे. पोहोचल्यावर आकडा ७८ झाला होता. त्यांनी अर्धा पेला चहा घेतला आणि तो पोटात राहिला. सकाळी आकडा ८२ होता. थर्मास दुकानात ठेवून आम्ही लेहला परतलो, रुग्णालयात तपासणी करून घेतली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने एक दिवस पूर्ण विश्रांती घेतली.

आमचा मूळ बेत कोरझोकहून पुगा आणि त्सो करमार्गे थेट मनाली रस्त्याला लागण्याचा होता. लेहला परतल्याने दोन दिवस वाढले. ते दोन दिवस आमच्याकडे शिल्लक होते, म्हणूनच त्या संध्याकाळी निर्णय घेताना रजेचा, शाखेचा किंवा पुढच्या आरक्षणाचा विचार मनात आला नाही. राखीव दिवस नसते, तर कदाचित आम्ही दोघांनीही "एक रात्र काढू" असेच म्हटले असते. डोंगरातील पुष्कळ दुर्घटनांच्या मुळाशी हे एवढेच कारण असावे असे मला वाटते. माणसांना धोका कळत नाही असे नाही. परत फिरण्याइतकी सवड त्यांनी स्वतःजवळ ठेवलेली नसते.

परतीची वाट

चौदाव्या दिवशी पहाटे पाचला लेह सोडले. कारू येथे टाकी काठोकाठ भरली. मनालीच्या बाजूने येताना तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक प्रवाशांत फार प्रसिद्ध आहे. इंधनाचा हिशेब त्या फलकावरूनच करावा. डोंगरात लिटरला १२ किलोमीटर धरले, तर ३६५ किलोमीटरला सुमारे ३० लिटर लागतात. वळसा, अडकलेली वाहतूक, चढावरचा पहिला गिअर यांसाठी आणखी तिसरा हिस्सा जमेस धरला, म्हणजे ४० लिटर झाले.

तांगलांग ला (५,३२८ मीटर) आम्ही न थांबता ओलांडला. पुढे मोरे मैदान लागते. साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर सुमारे चाळीस किलोमीटर सरळसोट रस्ता! नंतर पांग, लाचुंग ला, नकी ला, आणि एकवीस वळणांचे गाटा लूप्स. याच मार्गाने चढताना जिथे रात्र काढावी लागते, ते सरचू आम्ही उतरताना दुपारी मागे टाकले. उंच खिंडी दिवसा ओलांडून रात्री सखल जागी झोपायचे, हा या मार्गाचा मंत्र आहे.

बारालाचा लाच्या आसपास बर्फ वितळून आलेले ओढे रस्त्यावरून वाहतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी ऊन तापल्यावर, दुपारनंतर, गुडघ्यापर्यंत चढते. आम्हांला तिथे पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. म्हणून समोरचा ट्रक कोणत्या रेषेतून जातो हे आधी पाहिले, आणि पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, न थांबता गाडी पलीकडे नेली. सायंकाळी जिस्पाला भागा नदीकाठी शेवटचा गाडीतला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून मनालीत उतरलो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा मनाली ते सरचू हे अंतर ४६ किलोमीटरने कमी करतो आणि रोहतांगची चढण वाचवतो. सोळाव्या दिवशी रात्री दिल्ली.

निघण्यापूर्वी

आपल्यापैकी जी जोडपी अशा प्रवासाचा विचार करीत असतील, त्यांच्यासाठी काही गोष्टी नमूद करते.

प्रवासाआधी दोघांनीही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, हृदयविकार, दमा असल्यास डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य समजावा. उंचीच्या आजारावरील प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती बाब आवर्जून सांगावी. सुमारे हजार-पंधराशे रुपयांचा ऑक्सिमीटर सोबत असावा. दोघांनाही गाडी चालवता येणे ही मोठी सुरक्षितता आहे. आमच्या प्रवासात तीच कामी आली.

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड मोबाइल जोडणी चालत नाही. पोस्टपेड चालते, तीही मोठ्या गावांपुरती. नेटवर्क नसेल तर ओटीपी येत नाही आणि यूपीआयही चालत नाही. लेह व कारगिल येथे एटीएम आहेत. पुढच्या खेड्यांत रोख रक्कमच चालते. म्हणून लहान नोटांत पुरेशी रोकड दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. गाडीचा सर्वसमावेशक विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि नोंदणीपत्र यांच्या मुदती तपासून घ्याव्यात. आरोग्य विम्याची माहिती दोघांनाही असावी. कोणत्या भागासाठी कोणते परवाने व शुल्क लागते, हे लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यातच पाहावे, कारण नियम बदलत असतात.

खर्चाचे म्हणाल, तर कर्ज काढून प्रवास करण्यापेक्षा प्रवासासाठी स्वतंत्र आवर्ती ठेव उघडणे केव्हाही श्रेयस्कर. दरमहा २,५०० रुपये बाजूला टाकले, तर तीन वर्षांत मुद्दलच ९०,००० रुपये होते, व्याज वेगळे. एकूण अंदाजाच्या वर वीस टक्के रक्कम कोणत्याही कामाच्या नावे न टाकता ठेवावी. रजेबाबतही हेच सूत्र लावावे. एलएफसी घेणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती, की प्रवासाचा शेवटचा दिवस आणि कामावर रुजू होण्याचा दिवस एकमेकांना चिकटवू नका.

आणि शेवटी, आपला कचरा परत आणा. चांगथांगच्या थंड, कोरड्या हवेत प्लास्टिकची पिशवी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. पाणीही जपून वापरा. लडाखी घरांतील कोरडी शौचालये ही गैरसोय नसून पाण्याच्या दुर्भिक्षातून आलेले शहाणपण आहे.

त्सो मोरिरीच्या काठी आम्हांला जेमतेम दोन तास मिळाले. सरोवर तिथेच आहे. पुढच्या खेपेस आधी चुमाथांगला दोन रात्री राहून मग वर जायचे, असे आम्ही ठरवले आहे, आणि त्यासाठी नवी आवर्ती ठेव सुरू झाली आहे. आपणही आपली ठेव सुरू करा, गाडी तपासून घ्या, दोन दिवस राखीव ठेवा आणि जोडीने निघा. आपला प्रवास सुखाचा होवो!